कोनाचा व्हय रे तू?

तुमचे पाय अनवाणी आहेत आणि घशाला कोरड पडली आहे. गाव रिद्धपूर, काळ साधारण 1280 चा. देवगिरीला यादवांचं राज्य आहे, पण देवगिरी इथून फार लांब. चैत्र सरत आलाय, वऱ्हाडातलं ऊन डोक्यावर आहे आणि समोर विहीर आहे. तुम्ही पुढे निघता आणि थोड्या अंतरावर थांबता. कोणी हटकलेलं नाही. अजून कोणी तोंडही उघडलेलं नाही. तुमचे पायच थांबले, कारण या जन्मात तुम्ही मातंगाच्या घरी आला आहात, आणि ही विहीर आपली नाही हे त्या पायांना चालायला शिकल्यापासून ठाऊक आहे. तुम्ही विहिरीपासून लांब उकिडवे बसता. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतेल, तुम्ही ओंजळ धराल. नाही आली तर बसून राहाल.

पलीकडून एक माणूस येतोय. वेश अस्ताव्यस्त, चाल लहान मुलाची, मधेच हसतो, मधेच रागावतो. गाव त्यांना राऊळ म्हणतं. हे गोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू. जन्म ब्राह्मणाच्या घरचा, पण कोणाच्या दारी थांबावं आणि कोणाच्या दारावरून पुढे जावं, याचा हिशोब त्यांनी सोडून दिलेला आहे. ते मातंगाच्या वस्तीत येतात, घरात शिरतात, तिथलं अन्न तोंडात टाकतात. अशा आठवणी त्यांच्या चरित्रात नोंदवलेल्या आहेत. ज्या म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं, त्यांच्या परंपरेतलंच हे लेखन. मराठी गद्याची सुरुवात ज्या गावात झाली, त्याच गावात कोणी कोणाच्या घरचं खाल्लं हेही लिहून ठेवलं गेलं, याचं मला मोठं मोल वाटतं.

पण तुम्ही त्या वस्तीतून बघता आहात, तर पुढचंही बघा. राऊळ निघून जातात. गाव त्यांना नावं ठेवत नाही, कारण देवमाणसाला सगळं माफ असतं. तुम्ही त्यांच्या मागून उलट दिशेने ब्राह्मणाच्या ओसरीवर चढलात, तर ती माफी तुम्हाला नाही. ते खाली येऊ शकतात, तुम्ही वर जाऊ शकत नाही. संध्याकाळी विहीर जिथे होती तिथेच आहे आणि तुम्हीही.

आता सहाशे वर्षं पुढे चला. पूर्णेच्या खोऱ्यातलं अकोल्याकडचं एक गाव, 1870 च्या आसपास. श्रावणातली अमावस्या, पोळ्याचा दिवस. या खेपेला तुमचा जन्म कुणब्याचा आहे, पण शेत नाही. तुम्ही सालदार आहात. गुढीपाडव्याला साल ठरलं: थोडे रोख पैसे, काही मण ज्वारी, एक घोंगडं आणि वहाणांचा जोड. त्या बदल्यात पुढच्या पाडव्यापर्यंत तुमची पहाट, तुमची दुपार आणि पेरणीच्या दिवसांतली तुमची रात्रही मालकाची. काल तुम्ही बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले. आज पहाटे त्यांना नदीवर धुतलं, शिंगं रंगवली, पाठीवर झूल टाकली. तुमच्या अंगावर कालचंच धोतर आहे.

गावाबाहेर दोन खांबांना तोरण बांधलं आहे, आंब्याच्या पानांचं. त्यासमोर बैलजोड्या उभ्या राहताहेत, आणि इथे कोणी कुठेही उभं राहत नाही. सर्वांत पुढे पाटलाची मानाची जोडी. त्यातल्या म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांवर मखर बांधलंय, खुंट्या असलेली लाकडी चौकट, आणि खुंट्यांना मशाली. हा मखराचा बैल तीन वर्षांत मरतो असं जुनी माणसं सांगतात, म्हणून म्हातारा बैल निवडतात. पाटलामागे त्याचे भाऊबंद, मग बाकीचे खातेदार, ज्याचा जसा मान. आल्फ्रेड लायल या इंग्रज अधिकाऱ्याने 1870 मध्ये वऱ्हाडचं गॅझेटियर सिद्ध केलं. बैल मालकांच्या मानाच्या क्रमाने तोरणाखालून जातात, हे त्याने त्यात लिहून ठेवलं आहे. मखराच्या बैलाची नोंद पुढे रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात सापडते. परक्याच्याही डोळ्यांत भरावी इतकी ही रांग ठळक होती. गावाची सगळी उतरंड वर्षातून एकदा मोकळ्या मैदानात उभी राहायची आणि ज्याला त्याला आपली जागा दिसायची.

तुमच्या हातात कासरा आहे. समोर कुरबुर सुरू झाली. पाटलाच्या दोन घरांत वाद आहे, दुसरी जोडी कोणाची. आवाज चढतात, काठ्या घट्ट धरल्या जातात. बैलांना यातलं काही कळत नाही, ते माशा हाकलताहेत.

"कोनाचा व्हय रे तू?" एक म्हातारा तुम्हाला विचारतो.

तुम्ही बापाचं नाव सांगत नाही. मालकाचं सांगता. त्याला तेच हवं होतं.

"मंग मांगं सरक. तुह्या धन्याची जोडी आमच्या मांगं राह्यते."

तुम्ही सरकता. मशाली पेटतात, तोरण तुटतं, धूळ उडते, बैल गावाकडे धावतात. मग घरोघर जोडी फिरवायची. दारात बैलाचे पाय धुतात, त्याला ओवाळतात, पुरणपोळी चारतात, आणि तुमच्या हातावर बोजारा ठेवतात, दोन-चार नाणी. वर्षातला एवढाच पैसा तुमचा. त्यावर कोणाचा हक्क नाही.

आता मान वळवून डावीकडे बघा. डफडं वाजवणारा मांग मिरवणुकीच्या अगदी पुढे होता, पण दारं आली तसा तो बाजूला झाला. काठी घेतलेला जागल्या, महारपुऱ्यातला, कोपऱ्यावर उभा आहे. गावाची राखण त्याने करायची, ओसरीवर मात्र यायचं नाही. तुम्ही सालदार असलात तरी कुणबी आहात, तुम्हाला ओसरीवर बसता येतं. बसताना तुम्हाला बरं वाटलं. ते बरं वाटणं नीट ओळखून ठेवा. साऱ्या रचनेला त्याचाच टेकू आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं: प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे म्हणून तो दुखावलेला, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे म्हणून गप्प. कुणब्यांतही तिरळे, घाटोळे, बावने, खैरे, आणि देशमुखाच्या गढीतली लेक साध्या कुणब्याच्या घरी जाणार नाही. एकच जात वाटावी तिथेही पायऱ्या आहेत.

याच्या आगेमागेचा काळ भराभर ओलांडू. अमेरिकेतल्या यादवीने 1861 ते 1865 या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या, अडते आले, दलाल आले, सावकारांच्या वह्या जाड झाल्या. पैशाने जुन्या उतरंडीत नव्या पायऱ्या घातल्या. जुन्यांतली एकही काढली नाही.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी मात्र थांबायला हवं. एकोणिसावं शतक संपत आलंय. तुमच्या बांधाला लागून एका परटाचं शेत आहे. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारा बलुतेदार, पण या घराने घाम गाळून जमीन केली. घरचा भाचा, झिंगराजी आणि सखूबाईचा मुलगा डेबू, 1876 चा, औत धरतो तेव्हा बघत राहावं असं. मग सावकार येतो. चरित्रकार सांगतात की मामाच्या कर्जापायी जमीन गेली, आणि सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी नांगर सोडेना. तुम्ही बांधावर उभे आहात. तुम्हालाही त्याच सावकाराचं देणं आहे. तुम्ही पुढे झाला नाहीत.

पुढे 1905 मध्ये डेबूजी घर सोडतात. अंगावर चिंध्या, हातात मडकं आणि खराटा. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागतात. ऋणमोचनच्या जत्रेत पूर्णेच्या चिखलात लोकांचे पाय रुततात म्हणून तिथे घाट बांधायला घेतात. पंढरपुरात वारीला गेलेल्या महारांना टेकायला जागा मिळत नाही, म्हणून चोखामेळा धर्मशाळा उभी करतात, आणि 1949 मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करतात. गाडगेबाबांबद्दल बोलताना लोक स्वच्छतेवर थांबतात, हे मला पटत नाही. ज्याची जमीन हिरावली गेली त्या परटाच्या पोराने, ज्यांना कधी जमीनच मिळाली नाही त्यांच्यासाठी छप्पर बांधलं. खराट्याइतकंच हेही सांगायला हवं.

13 नोव्हेंबर 1927. अमरावती. तुम्ही वीस-बावीस वर्षांचे आहात, अचलपूरकडच्या एका गावच्या महारपुऱ्यातून आला आहात. बाप जागल्या आहे, तुम्ही चार इयत्ता शिकलात, वर्गाबाहेर बसून. परकोटाच्या अंबा दरवाजाने बाहेर पडलं की अंबादेवी. याच देवळातून कृष्णाने रुक्मिणीला नेलं, अशी कथा तुम्ही आजीच्या मांडीवर ऐकली. आजीने ते देऊळ आतून कधी पाहिलं नव्हतं.

आज देवळात जायचं नाही. आज इंद्रभुवन थिएटरात जायचं. आत खुर्च्या आहेत. तुम्ही एका खुर्चीच्या कडेवर बसता, मग थोडे मागे सरकता, मग पाठ टेकता. शेजारी बडनेऱ्याच्या गिरणीत काम करणारा एक म्हातारा आहे, तो तसाच कडेवर बसून आहे.

"टेकून बसा ना, आबाजी."

"नाही बाबू. सवय नाही राहिली पाठीले."

व्यासपीठावर परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर आहेत. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालंय, डिसेंबरात मनुस्मृती जळायची आहे, आणि या दोहोंच्या मधे अमरावती येते. याच दिवसांत मुंबईत त्यांचे थोरले भाऊ बाळाराम वारले. बातमी इथे पोचते, आणि ते परिषदेचं काम पुरं करतात. देवळाबद्दल ते बोलतात ते मागणं म्हणून नाही, हक्क म्हणून. तुमच्या गावात तुमच्या माणसांपैकी कोणी असं सरळ उभं राहून बोललेलं तुम्ही ऐकलेलं नाही. वऱ्हाडात ग. आ. गवईंसारखे पुढारी हा प्रश्न आधीपासून लावून धरत होते, हे तुम्हाला माहीत आहे. आज ते सगळं एका छताखाली आलंय.

सभेत आणखी एक चेहरा आहे, सावळा, ठाम, विलायती शिक्षणाचा. पंजाबराव देशमुख, जन्म 1898, पापळ गावचा. शेतकरी बापाने कर्ज काढून शिकवलेला मुलगा, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टर होऊन परतला. वेदांचा एवढा अभ्यास केलेला माणूस, आणि तो तुमच्या बाजूने बोलतो की देवळाचं दार उघडा. देशमुख आडनावाचा माणूस असं बोलतो तेव्हा तुमच्याच रांगेतल्या काहींना संशय येतो. मी त्यांना दोष देणार नाही. शेकडो वर्षांच्या अनुभवाने तो संशय शिकवलेला होता.

देवस्थानाकडून दादासाहेब खापर्डे मुदत मागतात. खापर्डे म्हणजे टिळकांचे जिवाभावाचे स्नेही. 1897 मध्ये याच अमरावतीत राष्ट्रीय सभेचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागताची धुरा त्यांच्याकडे होती. इंग्रजांकडे स्वराज्य तातडीने मागणारी पिढी देवीच्या दाराशी आली की तिला थांबायला वेळ हवा असतो, हे तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख दिसतं. अंबादेवीच्या देवळात प्रवेशासाठी करायचा सत्याग्रह पुढे ढकलला जातो. तुम्ही गावाकडे पायी निघता, आणि वाटेत तो म्हातारा काहीच बोलत नाही.

पुढच्या वर्षी, 1928 मध्ये, पंजाबराव अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष होतात आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करायचं काम हाती घेतात. कागद निघतो. कागद गावात येतो. तुम्ही दोर घेऊन विहिरीवर जाता.

इथे घाई करू नका. काठावर कोणी तुम्हाला जागा देत नाही, लोक फक्त मागे होतात. एक बाई आपला भरलेला हंडा ओतून देते आणि राखेने घासायला बसते. तुम्ही बादली सोडता. दोर किती सोडायचा हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुमच्या घरात विहिरीतून पाणी ओढायची वेळ कोणावर आलीच नाही, ओंजळ धरायचीच वेळ आली. बादली कपारीवर आपटते, तिरकी होते, अर्धी भरते. ओढताना तळहात भाजतात. पाणी वर येतं.

"कोनाचा व्हय रे तू?" पाटलाच्या घरचा एक जण विचारतो. त्याला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

"महाराचा व्हय, आबाजी. इहीर आता समद्याइची हाये. कौन्सिलाचा कागद आला."

"कागद पेशीन का मंग तू?"

तुम्ही उत्तर देत नाही, पाणी पिता. उद्यापासून तुमच्या बापाला कामावर कोणी बोलावणार नाही, दुकानदार उधार देणार नाही, आणि या विहिरीवर काही दिवस दुसरं कोणी येणार नाही. कागदाची ताकद किती आणि गावाची किती, हे तुम्ही त्या उन्हाळ्यात मोजता. तरी कागद नसता तर पहिली बादलीही वर आली नसती. म्हणून पंजाबरावांचं हे काम मला त्यांच्या पुढच्या दिल्लीतल्या मंत्रिपदाहून मोठं वाटतं. त्यांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली होती. त्यांचं लग्न जातीबाहेरचं, सोनार घरच्या विमलाबाई वैद्यांशी. अमरावतीतल्या त्यांच्या श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत आणि एकत्र जेवत. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था आली आणि कुणब्या-माळ्यांची, तेल्या-धनगरांची, महारा-मांगांची पहिली शिकणारी पिढी तिथून बाहेर पडली.

1956 च्या ऑक्टोबरात तुम्ही पन्नाशीत आहात. अकोल्याच्या फलाटावर उभे आहात, मुलाने आणून दिलेला पांढरा सदरा अंगात आहे. नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कोणी दाराला लटकलंय, कोणी लेकरू खिडकीतून आत सरकवतंय. 14 तारखेला दीक्षा होते. परतल्यावर गावात तोच प्रश्न, आणि तुम्ही पहिल्यांदा निराळं उत्तर देता: "बुद्धाचा." मेलेलं ढोर ओढायचं तुम्ही बंद करता. महारपुऱ्याला तुमची पोरं बौद्धपुरा म्हणू लागतात, गावाला तो शब्द तोंडात बसवायला वेळ लागतो.

6 डिसेंबरला बाबासाहेब जातात. 20 डिसेंबरला, चौदा दिवसांनी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबा जातात. तुमच्या घरात त्या महिन्यात दोनदा सुतक आहे.

आता आजचा दिवस. 1962 च्या कायद्याने पाटीलकी गेली, अस्पृश्यता तर 1950 च्या 26 जानेवारीलाच घटनेने बाद केली. रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे, अकोल्यात पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे, आणि तिथे सालदाराची मुलगी शिकू शकते, शिकतेही. हा बदल खरा आहे आणि तो लहान नाही. तुम्ही तीच मुलगी आहात असं समजा. अमरावतीत खोली शोधताय. घरमालकीणबाई प्रेमाने पाणी देतात, गाव विचारतात, बाबा काय करतात विचारतात, आणि मग सहज आवाजात: "आडनाव काय म्हणालीस गं?" तुम्ही सांगता. खोली कालच गेली, असं कळतं. शिष्यवृत्तीसाठी, प्रवेशासाठी जातीचा दाखला लागतो, त्याची पडताळणी लागते. वर्गातली पोरं त्यावरून बोलतात. त्याच पोरांच्या घरी वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म भरला जातो तेव्हा पोटजातीचा रकाना कोणी रिकामा सोडत नाही.

आणि पोळा अजून भरतो. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तरी कित्येक गावांत पहिला मान जुन्याच घराचा आहे. वाद झाले तर पोलीस बंदोबस्त लागतो. सालदार अजून आहेत. बरेचदा ज्या हातात कासरा आहे त्या हाताच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही.

यंदा पोळ्याला गावी गेलात तर पहिली जोडी कोणाची हे विचारू नका, ते सगळे सांगतील. शेवटची कोणाची ते विचारा, आणि ज्याच्याकडे जोडीच नाही तो त्या वेळी कुठे उभा असतो, तेही बघा. त्याच्याकडे जा. त्याचं साल कितीला ठरलं, घरकुलाची जागा कोणाच्या नावावर आहे, पोरगी कितवीला आहे, हे त्याच्याशी बसून बोला. तुम्ही ग्रामसभेत बसत असाल, शाळेच्या समितीवर असाल, मान देणाऱ्या पंचांत असाल, तर पुढच्या वर्षी पहिली जोडी चिठ्ठी टाकून ठरवा, असा ठराव मांडा. तो बहुधा पडेल. तरी मांडा, आणि कोणी विरोधात हात वर केला त्याची नोंद इतिवृत्तात होऊ द्या.